कंठाविना उमटलेला स्वर

जुन्या वस्तूंविषयी माणसाला वाटणारा जिव्हाळा सर्वांच्या परिचयाचा आहे. आजोबांचे किल्लीचे घड्याळ, आजीचा पितळी डबा, माजघरातील जुना रेडिओ यांचे मोल बाजारभावाने ठरत नाही. अशाच जिव्हाळ्याने दृष्टिहीन बंधुभगिनींची एक पिढी एका आवाजाची आठवण काढते. तो आवाज कोणा गायकाचा वा निवेदकाचा नाही, आप्तस्वकीयाचाही नाही. तो यंत्राचा आवाज आहे: एकसुरी, रुक्ष, धातूच्या नळीतून आल्यासारखा. डोळस माणसाला तो प्रथम ऐकताना कर्कश वाटतो. परंतु ज्यांनी त्याच्या आधाराने स्वतःला आलेले पत्र आयुष्यात प्रथमच स्वतः वाचले, त्यांच्या कानाला तो आजही गोड लागतो. हा गोडवा कोठून आला, हे जाणून घेण्यासारखे आहे.

परक्या डोळ्यांचे ऋण

संगणकापूर्वी दृष्टिहीन व्यक्तीपुढे वाचनाचे मोजकेच मार्ग होते. लुई ब्रेल यांच्या ठिपक्यांच्या लिपीने एकोणिसाव्या शतकात ज्ञानाचे दार उघडले, हे खरेच. पण ब्रेलमधील ग्रंथ आकाराने अवजड, संख्येने थोडे आणि तयार होण्यास वेळ घेणारे. ध्वनिमुद्रित पुस्तके आली, तरी कोणते पुस्तक ध्वनिमुद्रित करायचे हे दुसरेच कोणी ठरवीत असे. उरलेले सारे वाचन परक्या डोळ्यांवर अवलंबून होते. बँकेचा कागद, डॉक्टरांचा अहवाल, मित्राचे खासगी पत्र हे सर्व कोणाकडून तरी वाचून घ्यावे लागे. वाचून दाखवणारी व्यक्ती कितीही प्रेमळ असली, तरी तिच्या सवडीची वाट पाहावी लागे, आणि पत्रातील मजकूर आधी तिला कळे, मग धन्याला. नको असलेले पान गाळण्याची, आवडलेले वाक्य चार वेळा वाचण्याची मुभा मागून घ्यावी लागणे, हे ज्याने अनुभवले त्यालाच ठाऊक.

यंत्राला वाचा फुटली

यंत्राला बोलते करण्याची खटपट जुनी आहे. वोल्फगांग फॉन केम्पेलेन यांनी भाता आणि चामड्याची नळी यांच्या साहाय्याने बोलणारे यंत्र रचून त्याचे वर्णन १७९१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. १९३९ च्या न्यूयॉर्क येथील जागतिक प्रदर्शनात बेल प्रयोगशाळेचे ‘व्होडर’ हे विजेवर चालणारे यंत्र लोकांनी कुतूहलाने ऐकले. मात्र त्याच्या पट्ट्या एखाद्या वाद्याप्रमाणे हातांनी वाजवाव्या लागत. ही नवलाची वस्तू होती, उपयोगाची नव्हे.

उपयोगाचा काळ १३ जानेवारी १९७६ रोजी सुरू झाला. त्या दिवशी अमेरिकेत रेमंड कर्झवेल यांनी आपले वाचनयंत्र जगापुढे ठेवले. छापील पान काचेवर ठेवावे, यंत्राने त्याची प्रतिमा घ्यावी, अक्षरे ओळखावीत आणि ती मोठ्याने वाचावीत, अशी त्याची रीत. दृष्टिहीनांच्या राष्ट्रीय महासंघाने त्याच्या घडणीत व चाचणीत सहकार्य केले होते. त्याच सायंकाळी वॉल्टर क्रॉन्काइट या ख्यातनाम वृत्तनिवेदकाच्या बातम्यांचा नित्याचा समारोप या यंत्राच्या आवाजात झाला. दृष्टिहीन गायक-संगीतकार स्टीव्ही वंडर हे या यंत्राच्या आरंभीच्या ग्राहकांपैकी एक. त्यातूनच त्यांचा आणि कर्झवेल यांचा स्नेह जुळला आणि पुढे दोघांनी विद्युत वाद्यांच्या क्षेत्रात एकत्र काम केले. यंत्र अतिशय महाग असल्याने ते बहुधा ग्रंथालयांत व संस्थांत असे. तरीही कोणाच्याही मदतीविना छापील पुस्तकाचे पान वाचता येते, एवढी गोष्ट सिद्ध झाली.

पडद्याचा वाचक

पुढे घरोघरी आणि कचेऱ्यांत संगणक आले. त्या वेळच्या डॉस प्रणालीत पडदा म्हणजे पंचवीस ओळी आणि प्रत्येक ओळीत ऐंशी अक्षरे, एवढाच कारभार होता. संगणकाच्या स्मृतीत ही अक्षरे ओळीने मांडलेली असत. त्यामुळे एखादी आज्ञावली तेथून अक्षरे उचलून ध्वनियंत्राकडे पाठवू शके. आयबीएममधील गणितज्ञ जिम थॅचर यांनी आपले दृष्टिहीन सहकारी जेसी राइट यांच्यासोबत काम करताना अशी आज्ञावली रचली आणि १९८६ च्या सुमारास ती ‘स्क्रीन रीडर’ या नावाने बाजारात आली. एका वस्तूचे ते नाव पुढे साऱ्या जातीचे नाव झाले. मोटारसायकलच्या शर्यतींत भाग घेणारे टेड हेंटर यांची दृष्टी १९७८ मधील मोटार अपघातात गेली. ते संगणकाचे शास्त्र शिकले आणि १९८७ मध्ये त्यांनी भागीदारीत कंपनी काढली. तिचा ‘जॉज’ हा पडदावाचक १९८९ मध्ये आला आणि आजही जगभर वापरला जातो.

वाचणारी आज्ञावली वेगळी आणि बोलणारे यंत्र वेगळे, अशी तेव्हाची व्यवस्था होती. संगणकाशेजारी एक पेटी असे आणि ती तारेने जोडलेली असे. ॲपल संगणकासाठी ‘एको’, व्होट्रॅक्सचे ‘टाइप अँड टॉक’, डिजिटल कंपनीचे ‘डेकटॉक’ ही नावे त्या काळच्या वापरकर्त्यांच्या तोंडी जुन्या वर्गमित्रांच्या नावांसारखी येतात. कोणाचा ‘स’ फुसफुसे, कोणाचा ‘र’ गुरगुरे. पण सवयीने प्रत्येक लकब ओळखीची होई.

यांत ‘डेकटॉक’चे स्थान वेगळे. त्याच्या मुळाशी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील डेनिस क्लॅट यांचे अनेक वर्षांचे संशोधन होते. मानवी स्वर कंठात उत्पन्न होतो आणि मुखाच्या पोकळीत त्याला आकार येतो; ती पोकळी कोणकोणत्या कंपनसंख्यांना उठाव देते याचे गणित मांडून त्यांनी आवाज घडवला. साठवलेले शब्द जोडण्याची ही रीत नव्हती. येथे प्रत्येक ध्वनी नियमांनी नव्याने निर्माण होई, म्हणून कधीही न ऐकलेला शब्दही यंत्र उच्चारू शके. ‘पर्फेक्ट पॉल’ हा त्याचा प्रमुख आवाज क्लॅट यांच्या स्वतःच्या आवाजावर बेतलेला होता. अखेरच्या वर्षांत कर्करोगाने त्यांचा आवाज क्षीण होत गेला आणि १९८८ मध्ये पन्नासाव्या वर्षी ते निवर्तले. त्यांच्या आवाजाचे यांत्रिक रूप मात्र कित्येकांना पुस्तके वाचून दाखवीत राहिले.

रुक्षतेची थोरवी

आज माणसासारखा बोलणारा आवाज सहज उपलब्ध असताना अनेक जाणते वापरकर्ते तो जुना रुक्ष आवाजच का निवडतात? पहिले कारण वेगाचे. डोळस वाचक पानावरून नजर फिरवतो. दृष्टिहीन वाचक आवाजाचा वेग वाढवतो. सरावलेला कान मिनिटाला तीनशे-चारशे किंवा त्याहून अधिक शब्द ऐकून समजू शकतो. नियमांनी घडवलेला आवाज या वेगातही अक्षर सोडत नाही, तर माणसाच्या ध्वनिमुद्रणातून घडवलेला आवाज पुष्कळदा अस्पष्ट होतो. दुसरे कारण तत्परतेचे. कळ दाबताच तो बोलतो आणि दुसरी कळ दाबताच थांबतो.

तिसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. वाचून दाखवणारा माणूस नकळत मजकुरात आपला भाव मिसळतो. दुःखाच्या वाक्यावर त्याचा स्वर जड होतो, कंटाळवाण्या परिच्छेदावर तो घाई करतो. यंत्र यांपैकी काहीच करीत नाही. ते शब्द समोर ठेवते. करुणा, विनोद, संशय हे सारे ऐकणाऱ्याने आपल्या मनाने भरायचे. डोळस माणूस छापील अक्षरांपुढे जसा एकटा असतो, तसाच एकांत त्या आवाजाने दृष्टिहीनास दिला. म्हणून ही मंडळी ‘मी ऐकले’ असे म्हणत नाहीत, ‘मी वाचले’ असे म्हणतात; आणि ते शब्दशः खरे आहे.

स्टीफन हॉकिंग दृष्टिहीन नव्हते; पण अशा आवाजाशी माणसाचे नाते किती घट्ट होते, हे त्यांच्या उदाहरणाने कळते. त्यांचे बोलके यंत्रही क्लॅट यांच्याच कार्यातून उपजलेले. अधिक नैसर्गिक आवाज मिळू लागल्यावरही त्यांनी तो बदलला नाही. तो आता माझाच आवाज आहे, अशी त्यांची भूमिका होती. जुनी यंत्रे निकामी होऊ लागली, तेव्हा अभियंत्यांनी अनेक वर्षे खपून तोच आवाज नव्या संगणकावर उतरवला. हे काम २०१८ च्या आरंभी, त्यांच्या निधनाच्या अवघे काही आठवडे आधी पूर्ण झाले.

चित्रांचे संकट आणि एक पुणेकर

या वाटेत एक मोठे संकटही आले. अक्षरांचा पडदा जाऊन चित्रांचा पडदा आला. खिडक्या, चिन्हे आणि माउसचा बाण यांचे राज्य सुरू झाले. स्मृतीत आता अक्षरे नव्हती, केवळ रंगीत ठिपके होते. मोठ्या कष्टाने मिळवलेल्या नोकऱ्या आता जाणार, ही धास्ती तेव्हा खरी होती. मॅकिंटॉशसाठी १९८९ मध्ये ‘आउटस्पोकन’ निघाले. विंडोजमध्ये तज्ज्ञांनी पडद्यावर अक्षर रंगवण्याची आज्ञा वाटेतच टिपून त्याची नोंद ठेवण्याची युक्ती काढली. १९९५ मध्ये विंडोजवरील ‘जॉज’ आले आणि दार पुन्हा उघडले.

याच काळात एका पुणेकराने वेगळा विचार मांडला. पुण्यात जन्मलेले टी. व्ही. रामन यांची दृष्टी चौदाव्या वर्षी काचबिंदूने गेली. वाडिया महाविद्यालय आणि मुंबईची आयआयटी येथे शिकून ते कॉर्नेल विद्यापीठात गेले. गणिताचे सूत्र वाचताना घातांक कोठे संपतो, हे सपाट वाचनात कळत नाही. रामन यांनी १९९४ च्या प्रबंधात घातांकासाठी स्वर चढवण्याची आणि पायांकासाठी उतरवण्याची पद्धत रचली, आणि सूत्राची आकृती कानाला दिसू लागली. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘ईमॅकस्पीक’ प्रसिद्ध केले. पडदा वाचण्यापेक्षा त्यामागचा आशय बोलावा, हे त्याचे सूत्र.

मराठीचा कान

हे सारे प्रथम इंग्रजीत घडले. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन दृष्टिहीन तरुणांच्या प्रयत्नांतून २००६ पासून आकारास आलेला ‘एनव्हीडीए’ हा पडदावाचक विनामूल्य आहे. त्यासोबत येणारा ‘ईस्पीक’ हा छोटेखानी आवाज मराठीही बोलतो. त्याचा सूर जुन्या पेट्यांच्याच घराण्यातला!

मराठी वाचणे यंत्राला सोपे वाटावे, कारण आपली लिपी उच्चारानुसारी आहे. पण ‘कमल’ लिहिताना शेवटचे अक्षर पूर्ण, बोलताना मात्र अर्धवट. ‘चंद्र’ आणि ‘चमचा’ यांतील ‘च’ वेगळे. विश्व या अर्थाचे ‘जग’ आणि जगण्याची आज्ञा देणारे ‘जग’ लिहिताना सारखे, उच्चारताना भिन्न. हे भेद शिकवण्यास मराठी जाणणाऱ्यांचे श्रम लागतात.

आणि वाचकहो, येथे आपलाही संबंध येतो. आपल्याकडील कितीतरी मराठी मजकूर अजून जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत साठवलेला आहे. डोळ्यांना तेथे सुंदर देवनागरी दिसते; पडदावाचकाला मात्र असंबद्ध रोमन अक्षरांची रास सापडते. पत्रिकेचे छायाचित्र पाठवले, तर त्याला सहसा फक्त ‘चित्र’ एवढेच कळते. कायद्याने अडसर दूर केला आहे: २०१२ च्या दुरुस्तीनुसार दिव्यांगांसाठी पुस्तके सुगम स्वरूपात आणता येतात, आणि याच हेतूच्या मराकेश कराराला २०१४ मध्ये मान्यता देणारा भारत हा पहिला देश ठरला. उरलेले काम आपल्या हातचे आहे. स्मरणिका, कुटुंबाची वंशावळ, संस्थेचा अहवाल, लग्नाचे निमंत्रण युनिकोडमध्ये टंकित करावे. चित्रासोबत दोन ओळींचा मजकूर लिहावा. यास खर्च नाही, थोडी सवय लागते.

ज्यांनी त्या पहिल्या पेट्यांचा आवाज ऐकला, त्यांच्या आठवणींत उपकाराची भावना आहे, पण ती यंत्राबद्दल थोडी आणि ज्यांनी ते यंत्र दुसऱ्यासाठी घडवले त्यांच्याबद्दल अधिक. आपण पाठवलेले पत्र कोणी दृष्टिहीन आप्त कोणाच्याही मदतीशिवाय वाचू शकला, तर त्या परंपरेत आपलाही वाटा राहील.