नाव एकाचे, माल दुसऱ्याचा

किराणा, मसाला, बेकरी, मिठाई, कबाब-बिर्याणी हे आपल्या बांधवांचे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले धंदे आहेत. भाव, तोल आणि उधारी यांत आपले व्यापारी पक्के असतात. पण रोज हाताखालून जाणारा माल मुळात आहे तरी काय, असे कुणी विचारले तर बरेच जण अडखळतात. कायद्याला हे अडखळणे चालत नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यानुसार एका पदार्थाच्या नावाखाली दुसराच पदार्थ विकला तर तो माल 'मिथ्याछाप' ठरतो आणि तीन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. "मालात काही मिसळलेले नव्हते" ही सबब तेथे कामाला येत नाही, कारण खोट मालात नसून नावात असते. म्हणून रोजच्या विक्रीतील काही जिनसांची हकिकत आम्ही येथे देत आहोत.

दालचिनीपासून सुरुवात करू. हा शब्द फारसीतून आला. 'दार' म्हणजे झाड किंवा लाकूड आणि 'चीनी' म्हणजे चीनचे. आखातात नोकरी केलेल्यांना याच मालाचे अरबी नाव 'किरफा' ठाऊक असेल. त्याचा अर्थ नुसता 'साल' असा आहे. पण जाणकार जिला अस्सल दालचिनी म्हणतात ती चीनची नसून लंकेची! आपल्या बाजारात दालचिनी म्हणून जी जाड, कडक, तांबूस साल विकली जाते ती बहुधा चीन, व्हिएतनाम किंवा इंडोनेशियातून आलेली 'कॅसिया' असते. जुने मसालेवाले तिला 'तज' म्हणतात. दोन्ही झाडे एकाच कुळातील, पण माल वेगळा, भावही वेगळा. अस्सल दालचिनीची साल कागदासारखी पातळ असते. तिचे अनेक पदर विडीसारखे एकात एक गुंडाळलेले असतात आणि बोटांनी दाबले की चुरा होतो. कॅसियाचा एकच जाड पदर वळलेला असतो आणि तो सहजी मोडत नाही.

फरक नुसता भावाचा असता तर आम्ही एवढे लिहिले नसते. कॅसियात 'कुमारिन' नावाचे द्रव्य बरेच असते आणि ते जास्त प्रमाणात पोटात गेल्यास यकृताला अपाय करू शकते. लंकेच्या दालचिनीत ते नाममात्र असते. युरोपातील तज्ज्ञांनी कुमारिनची रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम अशी ठरवली आहे. बिर्याणीत टाकलेल्या दोन तुकड्यांनी कुणाचे काही बिघडत नाही. पण हल्ली मधुमेहाचे रोगी रोज चमचा-चमचा दालचिनीची पूड घेतात आणि ती आपल्याच दुकानातून नेतात. पूड झाल्यावर नुसत्या नजरेने दोन्हींतला भेद ओळखता येत नाही. अशा गिऱ्हाइकाला साल दाखवून त्याच्यासमोर दळून द्यावी, हे आमचे मत. लंकेच्या जातीची दालचिनी आपल्या कोकणातही होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली 'कोकण तेज' ही जात याच झाडाची आहे.

मालाचे मूळ झाकून ठेवण्याची रीत फार जुनी आहे. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने अरबांकडून आलेली एक कथा लिहून ठेवली. मोठे पक्षी दालचिनीच्या काड्यांची घरटी अवघड कड्यांवर बांधतात. लोक खाली मांसाचे मोठे तुकडे ठेवतात, पक्षी ते घरट्यात नेतात, त्या वजनाने घरटे कोसळते आणि काड्या हाती लागतात! माल कोठून येतो हे कळले नाही म्हणजे भाव आपल्या हातात राहतो, हे त्या व्यापाऱ्यांना चांगले उमगले असावे.

हिंगाची कथा उलटी आहे. येथे नाव खरे, पण माल थोडा. हिंग म्हणजे इराण, अफगाणिस्तान, उझबेकिस्तान या मुलखांत वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळाचा वाळलेला चीक. पूर्वी काबुली व्यापारी सुक्या मेव्याबरोबर तो घेऊन हिंदुस्थानभर फिरत. एवढा हिंग खाणारा आपला देश, पण त्याचे पीक येथे नव्हते. १५ ऑक्टोबर २०२० रोजी हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात पालमपूरच्या सरकारी प्रयोगशाळेने पहिले रोप लावले, आणि हिंगाच्या झाडाला चीक देण्याजोगे व्हायला सुमारे पाच वर्षे लागतात. कच्चा माल परदेशचा असला तरी कारागिरी आपली आहे. उत्तर प्रदेशातील हाथरस हे या कामाचे माहेरघर, आणि २०२३ मध्ये हाथरसच्या हिंगाला भौगोलिक मानांकनही मिळाले.

कच्चा हिंग इतका उग्र असतो की तसाच वापरणे कठीण. म्हणून त्यात मैदा किंवा तांदळाचे पीठ आणि बाभळीच्या जातीचा डिंक मिसळून 'बांधानी हिंग' बनवतात. डबीत मिळतो तो हाच. ही भेसळ नव्हे, कायद्याला मान्य असलेली कृती आहे. अट एवढीच की त्यातून निघणारा अल्कोहोलमधील अर्क निदान ५ टक्के भरला पाहिजे. म्हणजे डबीतला मोठा भाग पिठाचा आणि डिंकाचा असू शकतो. ज्यांना डॉक्टरांनी गहू वर्ज्य सांगितला आहे त्यांना चिमूटभर हिंगातूनही गहू पोटात जातो, याची कल्पना नसते. अशांना डबीवरील घटकांची यादी वाचून दाखवावी. अस्सल हिंग कापरासारखा पेटतो, ही परीक्षा कच्च्या हिंगाची आहे. बांधानी हिंगावर ती करून कारखानदाराशी भांडू नये.

जायफळ आणि जायपत्री एकाच फळातून निघतात, हे मसालेवाल्यांना सांगायला नको. बीच्या अंगावरचे लाल जाळे ती जायपत्री. पण तिच्या नावाने रामपत्री खपवली जाते तेव्हा फसगत होते. ही सह्याद्रीच्या रानातील तिच्या चुलत भावंडाची पत्री. दिसायला तशीच, सुगंधाने अगदी कमी. इंग्रज व्यापारी तर तिला 'बॉम्बे मेस' म्हणत! रामपत्रीला मसाल्यात स्वतःचे स्थान आहे. ती रामपत्री म्हणूनच विकावी.

मिऱ्यांत पपईच्या बिया मिसळतात हे सर्वश्रुत आहे. पाण्यात मिरी बुडते, पपईची बी तरंगते. पण नुसते तरंगले म्हणून अडत्याला चोर ठरवू नका, कारण पोकळ, हलकी मिरीही तरंगते. तरंगलेला दाणा फोडून चावून पाहावा. पपईचा आणखी एक अवतार बेकरीत आहे. केक आणि पावातली लाल-हिरवी टूटी-फ्रूटी म्हणजे बहुतेक वेळा साखरेच्या पाकात मुरवलेली कच्ची पपई. कबाबवाले मांस मऊ करायला लावतात तीही हीच.

साबुदाणा हे नाव मलाया-इंडोनेशियातील साबूच्या ताडावरून आले. आज आपण विकतो तो मात्र तमिळनाडूच्या सेलम भागातील टॅपिओका कंदाच्या स्टार्चचा असतो, आणि तो कंद दक्षिण अमेरिकेतून आलेला. येथे कायद्याची अडचण नाही. नावच नव्या मालाला चिकटले आहे.

आता मिठाईवाले आणि बेकरीवाले यांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न. पाकिटावरील हिरवा ठिपका पाहून बरेच जण निर्धास्त होतात. त्यात प्राण्याचे काही नाही, असा त्याचा अर्थ ते घेतात. पण नियमात दूध, मध आणि मेण यांच्याबरोबर 'शेलॅक'लाही सूट आहे. शेलॅक म्हणजे लाखेच्या किड्याने स्रवलेली राळ. गोळ्या-चॉकलेटांवरची चकाकी पुष्कळदा तिचीच असते. उलट जिलेटिन असलेल्या मालावर तपकिरी खूण असते, पण ते जिलेटिन कोणत्या जनावराच्या कातडी-हाडांचे आणि ते हलाल की नाही, हे ती खूण सांगत नाही. त्यासाठी पुरवठादाराकडून लेखी दाखला मागावा. तो देत नसेल तर माल परत करावा.

जेली किंवा पुडिंगसाठी जिलेटिन टाळायचे असेल तर चायना ग्रास आहेच. नावात गवत असले तरी ते समुद्रातील शेवाळापासून बनते. ते पाण्यात चांगले उकळवावे लागते. नुसत्या कोमट पाण्यात विरघळत नाही. मात्र एकदा जमले की मुंबईच्या उन्हाळ्यातही फ्रीजबाहेर वितळत नाही. जिलेटिनची जेली तेथे तासाभरात पातळ होते. प्रमाणही जिलेटिनपेक्षा कमी लागते, तेव्हा पहिली खेप थोडी करून पाहावी.