शुक्राच्या जमिनीवर रडारचा झोत

पहाटे गोठ्याकडे जाताना कधी पूर्वेला शुक्राची चांदणी ठळक दिसते. म्हणायची चांदणी, पण तो आहे ग्रह, आकाराने जवळपास आपल्या पृथ्वीएवढा. इतका जवळचा शेजारी, तरी त्याची जमीन दुर्बिणीतून कुणालाच दिसत नव्हती. आषाढात आपल्याकडे आठ-आठ दिवस आभाळ उघडत नाही. तिथे ते कधीच उघडत नाही. आणि ढग पाण्याचे नव्हेत, गंधकाच्या तेजाबाचे!

उतरून पाहावे, तर खाली शिसे वितळेल इतकी उष्णता. १९८२ साली सोव्हिएत रशियाचे व्हेनेरा-१३ यान तिथे दोन तास सात मिनिटे तगले, तेच नवल.

रडारच्या लहरी मात्र ढगांतून आरपार जातात. ऑगस्ट १९९० मध्ये अमेरिकेचे मॅजेलन यान शुक्राभोवती फिरू लागले. ते तिरप्या लहरी सोडी आणि परत येणारा पडसाद टिपून घेई.

यातली खुबी बांधावर उभे राहून कळेल. रात्री बॅटरीचा झोत पाणी भरलेल्या खाचरावर तिरपा टाका. उजेड पुढे निसटतो, पाणी काळेच दिसते. तोच झोत नांगरटीवर टाका. ढेकळे थोडा थोडा उजेड तुमच्याकडे परत धाडतात. रडारच्या चित्रातही बहुतेक ठिकाणी काळे ते सपाट आणि उजळ ते खडबडीत. तिथला नारिंगी रंग मागाहून भरलेला असतो, त्यावरून मातीचा रंग ठरवू नये. उंच डोंगरमाथे मात्र नुसत्या खडबडीतपणाने चमकावेत त्याहून जास्त चमकतात. तिथे धातूचा अंश असलेले काही साचले असावे असा कयास आहे. नेमके काय, यावर एकमत नाही.

१९९४ पर्यंत ९८ टक्के जमिनीचा नकाशा झाला. शुक्रावरच्या मोठ्या खळग्यांना नामवंत स्त्रियांची नावे देतात. त्यांतला सुमारे ३४ किलोमीटर रुंदीचा एक आपल्या डॉ. आनंदीबाई जोशींच्या नावाचा आहे.

खरी गंमत पुढेच. शुक्रावरचे ज्वालामुखी विझलेले की जिवंत, हा वाद चालूच होता. रॉबर्ट हेरिक या शास्त्रज्ञांनी जुनी चित्रे काढून शेजारी-शेजारी ठेवली. माट नावाच्या डोंगरावरचे एक मुख फेब्रुवारी १९९१ मध्ये गोल, साडेपाचशे एकरांचे होते. आठ महिन्यांनी तेच वेडेवाकडे, जवळजवळ हजार एकरांचे! चित्रे दोन वेगळ्या बाजूंनी घेतलेली, म्हणून नजरेचा धोका नको यासाठी सहकारी स्कॉट हेन्सली यांनी संगणकावर नाना आकार करून पाहिले. मुख बदलले असे धरल्याशिवाय मेळ बसेना. २०२३ मध्ये हे जाहीर झाले. पुरावा तीस वर्षे दप्तरातच पडून होता.