खान्देशातल्या लंगोटाचा जमाखर्च

धुळे-जळगावकडच्या कुठल्याही बऱ्यापैकी गावातल्या किराणा दुकानात जा. शांपूच्या आणि कॉफीच्या पुड्यांच्या माळांशेजारी आता आणखी एक माळ लोंबत असते, सुट्ट्या डायपरची. एका पाकिटात एक नग, फार तर दोन. किंमत दहा-बारा रुपयांच्या आसपास. मोठा पुडा घेतला तर नगामागे स्वस्त पडतो, हे घेणाऱ्या बाईला दुकानदाराइतकंच ठाऊक असतं. पण चार-पाचशे रुपये एकदम काढायचे कुठून? आज दहा निघतात, उद्याचं उद्या. गरिबाला तीच वस्तू श्रीमंतापेक्षा महाग पडते ती अशी, नगानगाने.

हा सुट्टा डायपर बहुतेक घरांत रोजचा नसतो. तो असतो एस.टी.च्या प्रवासाचा, लग्नाच्या मांडवाचा, नाही तर सिव्हिलमध्ये केसपेपर काढून रांगेत उभं राहायच्या दिवसाचा. घरी आल्यावर तो निघतो आणि लंगोट चढतो. शहरातल्या शिकलेल्या लोकांना यात अडाणीपणा दिसतो. मला त्यात काटेकोर हिशेब दिसतो. मात्र हा हिशेब अलीकडे बिघडत चालला आहे. का, ते समजून घ्यायचं तर आधी लंगोटाची ओळख नीट करून घ्यायला हवी.

शिवणकामात याहून साधी वस्तू नसेल. विरलेल्या सुती पातळाचा हातभर चौकोन फाडायचा. कात्रीची गरज नाही; दातांनी काठ तोडला की सुती कापड सुतात सरळ फाटत जातं. चौकोन तिरपा दुमडला की त्रिकोण होतो. दोन टोकं कमरेभोवती, तिसरं पायांमधून वर, आणि गाठ. हौस असेल तर टोकांना बंद शिवायचे. त्याहून सोपा प्रकार करदोट्याचा: कापडाची लांबट घडी पुढून करदोट्यात खोचायची, पायांमधून काढून मागे खोचायची. शिलाईचा टाकासुद्धा नाही. खाली दुपटं, दुपट्याखाली मेणकापड आणि सगळ्यांच्या खाली गोधडी, जिला लेवा पाटीदारांच्या घरांत वाकय म्हणतात. ती गोधडीही जुन्या लुगड्यांचीच.

कापड जुनंच का, यालाही कारण आहे. कोऱ्या सुती कापडात खळ असते, धाग्यावर कपाशीचा नैसर्गिक मेणासारखा थर असतो. पाणी त्यावरून ओघळतं, आणि ते अंगाला टोचतंही. वर्षानुवर्षांच्या धुण्यात खळ जाते, मेण जातं, धागा सैल होतो, आणि मग तेच कापड ओल शोषायला लागतं. आजीचं नेसून नेसून पारदर्शक झालेलं पातळ हा लंगोटासाठी अव्वल माल. बाजारात तो मिळत नाही, घरातच तयार व्हावा लागतो आणि त्याला दहा वर्षं लागतात.

नव्या बाळाला दिवसाला दहा-बारा लंगोट सहज लागतात. म्हणजे वाळत घातलेले, भिजवलेले आणि घडी केलेले मिळून घरात दोन-अडीच डझन हवेत. हा साठा कोण करायचं? माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि सासरी परतताना सोबत बाळंतविडा: झबली, टोपडी, कुंची, दुपटी, लंगोट. शिवाय मावशी, आत्या, शेजारच्या काकू आपापल्या पेटीतली जुनी पातळं काढून देत. बाळ जन्मायच्या आधी त्याचे नवे कपडे घरात आणायचे नाहीत, असा संकेत अनेक घरांत होता; पाचवी-बारशापर्यंत जुन्या कापडातच गुंडाळायचं. या समजुतीला अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकण्याआधी तिचा एक गुण नोंदवावासा वाटतो. ज्यांना नवं परवडत नाही त्यांना जुनं वापरताना लाज वाटायची नाही, कारण पाटलाच्या घरचं बाळही पहिले दिवस जुन्यातच असायचं.

अमेरिकेत गरजू घरांना लंगोट पुरवण्याच्या या कामासाठी संस्था काढाव्या लागल्या. ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन शहरात १९९४ मध्ये पहिली डायपर बँक सुरू झाली; २०११ मध्ये अशा बँकांचं देशव्यापी जाळं उभं राहिलं. कारण तिथे गरिबांना अन्नासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीतून डायपर घेता येत नाही, आणि अनेक पाळणाघरं घरून डायपर आणल्याशिवाय मूल ठेवून घेत नाहीत. डायपर नाही म्हणून पाळणाघर नाही, पाळणाघर नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून डायपर नाही. आपल्याकडे अशी बँक कुणी काढली नाही, कारण ती प्रत्येक घरच्या पत्र्याच्या पेटीत होती. ठेवीदार आजी, कर्जदार नात, व्याज नाही.

ही पेटी आता रिकामी झाली आहे, आणि ती रिकामी केली सुरतेने.

खान्देश हा कपाशीचा मुलूख. जळगावला खान्देश मिल होती. अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभारणाऱ्या श्रीमंत प्रतापशेठांची प्रताप मिल होती. धुळ्यालाही गिरणी होती. भोंगे बंद होऊन काळ लोटला. दुसरीकडे उधना-जळगाव लोहमार्गाने खान्देशची माणसं सुरतेला कामाला जात राहिली. लिंबायत, उधन्याच्या वस्त्यांत अहिराणी आजही सर्रास कानावर पडते. ती माणसं सणाला गावी येताना आणतात ती सुरतेची साडी: रंग पक्का, इस्त्रीची गरज नाही, धुतली की तासाभरात वाळते, आणि किंमत सुती साडीच्या कितीतरी खाली. रोजाने जाणाऱ्या बाईला तीच सोयीची, यात वाद नाही. पण पॉलिस्टरची साडी दहा वर्षांनीही पॉलिस्टरच राहते. ती विरत नाही, मऊ होत नाही आणि पाणी पीत नाही. तिची गोधडी होते, पडदा होतो, झोळी होते. लंगोट होत नाही. उरलंसुरलं सुती कापड एके काळी बोहारणीच्या भांड्यावर जायचं. आता बोहारणीलाही ते क्वचितच मिळत असेल. ज्या शेतात कापूस पिकतो त्या शेतातल्या मजुराच्या घरात बाळाला गुंडाळायला सुती चिंधी नाही, हा विनोद नियतीचा नाही, बाजाराचा आहे.

कापड गेलं, तशी पाण्याचीही ओढाताण. दहा-बारा लंगोट रोज धुवायचे तर दोन बादल्या कुठेच गेल्या नाहीत. शीचे वेगळे, शूचे वेगळे, आधी खळबळून काढायचे, मग साबण, मग साध्या पाण्यातून दोनदा. साबणाचा अंश राहिला तरी बाळाची कातडी लाल होते. धुळे शहराला तापी योजना आहे, नकाणे तलाव आहे, पांझरेवरचं अक्कलपाडा धरण आहे. तरीही नळाला कित्येक दिवसांनी पाणी येण्याचा अनुभव धुळेकरांना वर्षानुवर्षं आहे. जळगावला वाघूर धरणाचं पाणी, तेही रोज नाही. पारोळा, शिंदखेडा, अमळनेर या तालुक्यांतल्या गावांनी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली आहे. ज्या घरात पाणी ड्रमने मोजलं जातं तिथे लंगोट धुणं फुकट नसतं. निसर्गाने मात्र एक गोष्ट खान्देशाला भरभरून दिली आहे, ऊन. भुसावळ-जळगावच्या पंचेचाळीस अंशांत लंगोट दोरीवर टाकेपर्यंत वाळतो, आणि ते ऊन जंतूंचाही निकाल लावतं. पावसाळ्यात हाल. तेव्हा शेगडीवर टोपली उपडी घालून तिच्यावर लंगोट पसरायचे, आणि बाळाच्या अंगाला दिवसभर धुराचा वास.

आणि धुणारे हात? माहेरच्या मुक्कामात आजी असते. ती स्वतः कापूस वेचायला जात असली, तर बाळंतिणीचा मुक्कामच आखडतो. सासरी आल्यावर बाळ झोळीत, झोळी बांधाच्या निंबाला आणि आई ओळीत. तिथे लंगोट बदलायचा कुणी आणि धुवायचा कुठे? डायपर इथे शिरला. जाहिरातीमुळे शिरला असं म्हणणं सोपं आहे. खरं तर तो रोजंदारीच्या तासांमुळे शिरला.

या वस्तूची करामतही मान्य केली पाहिजे. आत अंगाला लागणारा न विणलेला पातळ पदर, त्याखाली लाकडाच्या लगद्याचा कापूस, त्यात मिसळलेले मिठाच्या खड्यांसारखे पॉलिमरचे कण, आणि बाहेरून प्लास्टिक. सगळी जादू त्या कणांत. ते आपल्या वजनाच्या कित्येक पट ओल घेऊन तिचा गोळा करतात, आणि दाबलं तरी सोडत नाहीत. अशा पदार्थांवरचं सुरुवातीचं काम १९६० च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्याच्या प्रयोगशाळांत झालं, आणि डोळ्यांपुढे होती जमिनीत ओल धरून ठेवण्याची गरज. म्हणजे शोध कोरडवाहू शेतीच्या उपयोगाचा, आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी तो पोहोचला तो नातवाच्या कमरेला बांधून. पुण्याजवळ सणसवाडीला हगीजचा कारखाना निघाला, पॅम्पर्स २००६ मध्ये भारतात आलं, मग जपानी कंपनीचं मामीपोको. लहान पाकिटाची युक्ती शांपूवाल्यांनी आधीच शिकवून ठेवली होती.

आता आकडे मांडू. डायपर दहा रुपयांचा धरला आणि दिवसाला चारच वापरले, तरी महिन्याचे १२०० रुपये. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी ३१२ रुपये रोज होती. म्हणजे जवळजवळ चार दिवसांचं काम बाळाच्या कमरेखाली जातं. जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे दरमहा १५०० रुपये आले तर त्यातले तीनशे उरतात. म्हणून दिवसाला चार लागतात तिथे दोनच वापरले जातात, रात्रीचा सकाळपर्यंत आणि सकाळचा दुपारपर्यंत. मे महिन्याच्या उकाड्यात भरलेला डायपर तासन्‌तास अंगावर राहिला की जांघेत पुरळ उठतं, आणि मलमाची ट्यूब पुन्हा डायपरच्या पाच-सात नगांच्या भावात.

सरकारने या बाबतीत काहीच केलं नाही असं नाही. सॅनिटरी पॅडवरचा जीएसटी जुलै २०१८ मध्ये शून्यावर आला; बाळाच्या डायपरवर मात्र १२ टक्के राहिला. तो ५ टक्क्यांवर यायला २२ सप्टेंबर २०२५ उजाडला. दहा रुपयांच्या नगामागे ही सूट बासष्ट पैशांच्या आसपास भरते. सुट्टं पाकीट घेणारीला ती हातात दिसायची शक्यता कमीच.

त्याहून जवळची योजना म्हणजे राज्याच्या महिला व बालविकास विभागाचं ‘बेबी केअर किट’. २०१९ च्या जानेवारीत ही योजना सुरू झाली. अंगणवाडीत नाव नोंदवलेल्या आणि सरकारी दवाखान्यात पहिल्यांदा बाळंत होणाऱ्या बाईला सुमारे २००० रुपयांचं साहित्य द्यायचं. तेलंगणाने २०१७ मध्ये असंच किट काढलं होतं. आपल्या यादीत लहान गादी, मच्छरदाणी, टॉवेल, थर्मामीटर, तेल, शांपू, नेलकटर, हातमोजे-पायमोजे, खुळखुळा, आईसाठी लोकरीचे कपडे आणि प्लास्टिकचा लंगोट. भुसावळच्या उन्हात लोकरीचे कपडे बघून हसू येतं, पण ते बाजूला ठेवू. यादी राज्यभराची असते आणि डिसेंबरात खान्देशही गारठतो. सरकारने बाळंतविडा द्यावा ही कल्पनाच मला मोठी वाटते.

माझी तक्रार लंगोटाबद्दल आहे. जी वस्तू रोज डझनभर लागते तिची यादीतली जागा खुळखुळ्याएवढी. आणि तीही प्लास्टिकची, म्हणजे ओल बाहेर येऊ न देणारी पण शोषून न घेणारी. आत घालायचं सुती कापड पुन्हा बाईनेच शोधायचं. फिनलंडने १९३८ मध्ये गरीब मातांसाठी अशीच पेटी सुरू केली, १९४९ पासून ती सर्वांना दिली. सुरुवातीच्या पेट्यांत कपडे शिवायला कापड असायचं. पुढे त्यात वापरून फेकायचे डायपर आले. आणि २००६ मध्ये पुन्हा कापडी लंगोट ठेवले गेले. श्रीमंत देशाला यात मागासपणा वाटला नाही. आपल्या किटात मऊ, खळ काढलेल्या सुती कापडाचे दोन डझन चौकोन घालायला कुठलं तंत्रज्ञान लागत नाही. ते शिवायला बचत गट आहेत, आणि कापूस कुठून आणायचा हे खान्देशाला सांगायला नको.

किट फक्त पहिल्या बाळंतपणाला, हा नियम वरवर अन्यायाचा दिसतो. कापडी लंगोटाच्या हिशेबात तो चालून जातो, कारण थोरल्याचे लंगोट धाकट्याला होतात. डायपरच्या हिशेबात तो अजिबात बसत नाही.

वापरलेला डायपर जातो कुठे, हे गावात विचारायची सोय नाही. उकिरड्यावर आणि नाल्यात तो दिसतोच, कुत्री ओढत नेतात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी डायपर गुंडाळायला पिशवी पुरवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली होती. किराणा दुकानातल्या त्या एका नगाच्या पाकिटासोबत पिशवी येत असेल, तर मी तरी पाहिलेली नाही.

पैशांची मदत, करसवलत, किट या सगळ्याच्या पलीकडे एक प्रश्न राहतो तो कापूसवेचणीच्या हंगामातल्या दिवसाचा. अंगणवाडी तीन वर्षांवरच्या मुलांना बसवून घेते; त्याखालच्यांना घरी न्यायचा आहार मिळतो. लंगोटातलं मूल तिथे दिवसभर राहू शकत नाही. केंद्राच्या मिशन शक्तीखाली ‘पाळणा’ नावाची योजना आहे: सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची मुलं, महिन्याचे २६ दिवस, रोज साडेसात तास. कागदावर ही खान्देशच्या शेतमजूर बाईसाठीच केल्यासारखी आहे. अशा पाळणाघरात लंगोट बदलणारी एक बाई हवी, धुण्याचा नळ हवा आणि अंगणात दोरी हवी. तासांचं मात्र बघावं लागेल. दिवाळीनंतर वेचणी ऐन भरात येते तेव्हा बायका दव ओसरायच्या आत शेतात असतात आणि कापूस मोजून घरी परततात संध्याकाळी. साडेसात तासांत तो दिवस मावत नाही.