तारेखालची जागा

चार तारांचा इलेक्ट्रिक बेस सुरात मिळवला की त्याच्या नेकवर सुमारे ८० किलोंचा ताण पडतो. एखादा धडधाकट माणूस त्या दांड्याला रात्रंदिवस लटकून राहावा, तेवढा. या ओढीने मेपलचा दांडा तारांच्या दिशेने वाकतो. म्हणून नेकच्या पोटात एक पोलादी सळई असते. तिला ट्रस रॉड म्हणतात. ती आवळली की नेक उलट बाजूला खेचला जातो. बेसचा सेटअप या दोन ओढींचा मेळ घालण्यापासून सुरू होतो आणि पुढची प्रत्येक दुरुस्ती त्या मेळावर उभी असते.

लिओ फेंडर यांनी १९५१ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमधून बाजारात आणलेला प्रिसिजन बेस हा या वाद्याचा मूळ नमुना. उभ्या डबल बेसवर बोटाला सूर अंदाजाने शोधावा लागे. इथे नेकवर फ्रेट आहेत, सतारीच्या पडद्यांसारखे पण लाकडात पक्के ठोकलेले. त्यामुळे सूर नेमका लागतो. नावातले ‘प्रिसिजन’ तेच. नेकच्या टोकाशी तारा टेकतात त्या नटपासून बॉडीवरच्या ब्रिजपर्यंत तारेची लांबी ३४ इंच, म्हणजे जवळपास ८६४ मिलिमीटर. सर्वांत जाड ई तार ४१.२ हर्ट्झला, मग ए, डी आणि सर्वांत बारीक जी ९८ हर्ट्झला मिळवतात.

सेटअप नव्या तारांवर करावा. जुन्या तारेच्या वेढ्यांत घाम आणि मळ साचून तिचे वजन जागोजागी वेगळे झालेले असते, आणि अशी तार कोणत्याही फ्रेटवर खरा सूर देत नाही. ज्या जाडीच्या तारा पुढे वाजवायच्या, त्याच आधी चढवाव्यात. जाडी बदलली की ताण बदलतो आणि सगळे काम पुन्हा करावे लागते.

पहिले माप नेकच्या बाकाचे. पहिल्या फ्रेटवर कापो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावतात आणि नेक बॉडीला जिथे जोडला आहे, तिथला फ्रेट बोटाने दाबतात. आता ई तार म्हणजे सुताराने धरलेले सूत. आठव्या फ्रेटच्या माथ्यावर आणि तारेच्या पोटाखाली किती फट दिसते ते फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पात्यांनी, मोजायचे. ०.३ मिलिमीटरचे पाते अलगद आत सरकावे आणि तार जराही उचलली जाऊ नये, इतकी फट बहुतेक बेसना मानवते. नेक अगदी सरळ का ठेवत नाहीत, याचे कारण तारेच्या हालचालीत आहे. छेडलेली तार मधल्या भागात सर्वांत जास्त झुलते, आणि तेवढी मोकळीक न मिळाल्यास खालच्या फ्रेटवर ती खरखरते. फट फार झाली तर मधले फ्रेट दाबताना बोटे थकतात.

फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आवळतात, कमी असेल तर सैल करतात. एका वेळी पाव फेरा, त्याहून अधिक नाही. नंतर चारही तारा पुन्हा सुरात आणून पुन्हा मोजायचे. सळई जड लागली तर तिथेच थांबलेले बरे, कारण ती तुटली तर बहुतेक वेळा नेकच बदलावा लागतो. जुन्या घडणीच्या प्रिसिजनमध्ये सळईचे तोंड नेकच्या टाचेशी असते. तिथे प्रत्येक पाव फेऱ्यासाठी नेक बॉडीपासून सोडवावा लागतो. काम वेळखाऊ आहे, पण त्याला पर्याय नाही.

बाक ठरल्यावर तारांची उंची, म्हणजे ॲक्शन. ब्रिजवर प्रत्येक तारेखाली एक सॅडल असते आणि तिच्या बारीक स्क्रूंनी तार वरखाली होते. सतराव्या फ्रेटपाशी ई तारेखाली सुमारे २.४ आणि जी तारेखाली २ मिलिमीटर, हे माप सुरुवातीला पुरते. पुढचा निर्णय वाजवणाऱ्याच्या हाताचा. अंगठ्याने तार ठोकणाऱ्याला ती खाली हवी असते, बोटाने जोरात ओढणाऱ्याला उंच. तार फ्रेटला घासली की जो आवाज उठतो, त्याचे नाते तंबोऱ्याशी आहे. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीची पाठ घासून तार तिला हलकेच भिडेल अशी बेततो, आणि तिथे तोच स्पर्श जवारी म्हणून जपला जातो. बेसवर मात्र तो सहसा दोष ठरतो.

नंतर इन्टोनेशन. बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर असतो, म्हणून तिथला हार्मोनिक, म्हणजे बोट नुसते टेकवून काढलेला सूर, आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर एकच यायला हवा. तसा तो आपोआप येत नाही. दाबताना तार किंचित ताणली जाते आणि सूर चढतो. जाड तार ताठ असल्याने तिथे फरक जास्त. तो भरून काढायला सॅडल नेकपासून मागे सरकवून तार लांब करतात. दाबलेला सूर ट्यूनरवर चढा दिसला तर सॅडल मागे, उतरलेला दिसला तर पुढे. नीट लावलेल्या बेसच्या ब्रिजकडे पाहावे: ई तारेची सॅडल सर्वांत मागे, जीची सर्वांत पुढे. हे काम उंचीच्या आधी केले तर वाया जाते, कारण तार वरखाली झाली की दाबाचा ताणही बदलतो.

शेवटी पिकअप, म्हणजे तारेचे कंपन टिपणारा चुंबकी भाग. तो तारेच्या फार जवळ गेला तर चुंबक तारेला ओढून धरतो. सूर डळमळतो आणि लवकर विझतो. शेवटचा फ्रेट दाबून ई तारेखाली सुमारे ३ मिलिमीटर, जी तारेखाली त्याहून थोडे कमी ठेवतात.

इतके झाल्यावरच फेरफारांचा विचार करावा. पुष्कळदा नवा पिकअप घ्यायला निघालेल्याला हवा असलेला आवाज तारा बदलूनच मिळतो. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत बेसवादक जेम्स जेमरसन १९६२च्या प्रिसिजनवर सपाट वेढ्यांच्या तारा वाजवत आणि त्या क्वचितच बदलत. ब्रिजपाशी तारांखाली स्पंजचा तुकडा दाबला तर त्यांच्यासारखी जाड, आखूड ठेक्याची छटा कोणत्याही बेसमधून निघते, आणि न आवडल्यास तुकडा काढून टाकता येतो. गुणगुण फार असेल तर पिकअपच्या खोबणीला आतून तांब्याची पट्टी चिकटवून ती अर्थला जोडतात. ब्रिजखालची अर्थची वायर सुटली नाही ना, हे त्याआधी पाहावे. बी-ई-ए-डी असे खालचे सूर हवे असतील तर जाड तारांसाठी नटच्या खाचा कानसाव्या लागतात, आणि कानसलेली खाच पुन्हा भरणे अवघड. फ्रेट काढणे हे त्याहून मोठे पाऊल. बेसवादक जॅको पॅस्टोरियस यांच्या १९६२च्या जॅझ बेसवर फ्रेटच्या चिरा भरून वर इपॉक्सीचा थर दिलेला होता.

लाकूड मात्र हवामानाप्रमाणे हलत राहते. मुंबई, कोकण, गोव्याच्या पावसाळ्यात नेक ओलावा धरतो आणि ऑक्टोबरात तो सोडतो. कोणता नेक कुणीकडे वळेल हे लाकडावर अवलंबून असते, म्हणून जूनच्या शेवटी आणि दिवाळीच्या सुमारास आठव्या फ्रेटवरची फट पुन्हा मोजतात. ट्रस रॉड फिरवल्यावरही बेस रात्रभर सुरात ठेवून सकाळी तेच पाते परत घालून पाहतात.