घाटाचा लिलाव आणि नावेची जबाबदारी

छत्तीसगडला समुद्रकिनारा नाही. तरीही सुट्टीच्या दिवशी सकाळी रायपूरहून धमतरीच्या दिशेने मोटारींची जी रीघ लागते, ती किनाऱ्याच्या ओढीनेच निघालेली असते. महानदीवरील गंगरेल धरणाचा जलाशय इतका विस्तीर्ण आहे की पलीकडचा तीर धूसर दिसतो. काठावर वाळू नसली तरी मोटारबोटी आहेत, वॉटर स्कूटर आहेत आणि छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी आहे. कोरब्याकडे हसदेवच्या बांगो जलाशयावर सतरेंगा आणि बुका ही ठिकाणे नावारूपाला आली आहेत. खुद्द रायपुरात तेलीबांधा तलावाच्या काठाला लोक कौतुकाने ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतात. जुन्या गावांची थोरवी सांगताना या प्रदेशात ‘छै आगर छै कोरी’ म्हणजे एकशे सव्वीस तलाव असल्याचे सांगण्याची रीत आहे. अशा प्रदेशाने पाण्यावर रमावे, यात आश्चर्य नाही.

गेल्या हिवाळ्यात नातीला घेऊन मी अशाच एका जलाशयावर गेलो होतो. तिकीट काढले. कर्मचाऱ्याने दोन जीवरक्षक जॅकेटे पुढे केली. नातीच्या जॅकेटचा पट्टा तुटलेला होता. मी ते परत करू लागलो तेव्हा तो नम्रपणे म्हणाला, “साहेब, फोटो होईपर्यंत घालू द्या, मग काढलं तरी चालेल.” त्याच्या बोलण्यात उद्दामपणा नव्हता. त्याला कोणी काही शिकवलेच नव्हते. नावेवर नोंदणी क्रमांक नव्हता, किती माणसे बसवावीत याची पाटी नव्हती. आम्ही नावेत न बसता परतलो. नात हिरमुसली. माझ्या मनात मात्र चाळीस वर्षांपूर्वीची एक फाइल उघडली गेली.

अविभाजित मध्य प्रदेशात मी नवखा अधिकारी होतो. नदीवरच्या उतारघाटाचा, म्हणजे नावेने लोकांना पलीकडे पोहोचवण्याच्या हक्काचा, दरवर्षी लिलाव होई. या व्यवस्थेचे मूळ १८७८ च्या नॉर्दर्न इंडिया फेरीज ॲक्टमध्ये. मध्य प्रांतालाही तो लागू होता. माझ्यासमोर आलेल्या तक्त्यात घाटाचे नाव, मागील वर्षाची बोली, यंदाची बोली, ठेकेदाराचे नाव, अनामत रक्कम असे रकाने होते. नाव कशी आहे, किती जुनी आहे, ती कोणी तपासली, यासाठी रकाना नव्हता. मी सही केली. त्या पावसाळ्यात एका घाटावर नाव उलटली आणि दोन माणसे गेली. चौकशीचा अहवाल मीच लिहिला. कारण म्हणून ‘प्रवाहाचा अनपेक्षित वेग’ असे नमूद केले. भाद्रपदात नदीला वेग असणे अनपेक्षित कसे, हे मला कोणी विचारले नाही. मीही स्वतःला विचारले नाही. आज पर्यटनाच्या नावाने होणारे करार वाचतो तेव्हा त्या तक्त्याची आठवण होते. रक्कम वाढली, शब्द बदलले; रकाना अजून कोराच आहे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट नोंदवली पाहिजे. नावेने प्रवास करणे ही या भूमीत नवी हौस नाही. सिहावाच्या डोंगरात उगम पावून महानदी राजिमला पैरी आणि सोंढूर यांना भेटते, दक्षिण कोसलची राजधानी असलेल्या सिरपूरला वळसा घालते, शिवरीनारायणला शिवनाथ आणि जोंक यांना सामावून घेते आणि पूर्वेकडे वळून ओडिशात शिरते. सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्युएन त्संग या कोसल देशात आला होता. रेल्वे येण्याआधी लहान नावा समुद्राकडून प्रवाहाच्या उलट दिशेने रायपूर जिल्ह्यातील आरंगपर्यंत येऊ शकत. मराठी वाचकाला जवळची वाटावी अशीही एक बाब आहे. १७५८ पासून रतनपूरला बिंबाजी भोसल्यांचा अंमल होता आणि १७५१ ते १८०३ या काळात कटकही नागपूरकर भोसल्यांकडेच होते. या नदीची वरची आणि खालची अशी दोन्ही खोरी काही दशके एकाच घराण्याच्या कारभाराखाली होती. आज तीच नदी छत्तीसगड आणि ओडिशा यांच्यातील वादाचा विषय आहे. २०१८ मध्ये केंद्राने त्यासाठी लवाद नेमला.

या सगळ्या काळात नाव वल्हवणारा माणूस एकच होता : केवट, निषाद, ढीमर. रामकथेत रामाला नदीपार नेणारा तोच. राज्ये बदलली तरी कुठे डोह आहे, कुठे खडक दडला आहे, वारा कोणत्या दिशेने फिरला की परतायचे, हे ज्ञान त्याच्याकडेच राहिले. पर्यटनाच्या आजच्या आराखड्यांत हा माणूस बहुधा दिसत नाही. दिसलाच तर रोजंदारीवर.

आता कायद्याकडे वळू. आपल्या राज्यघटनेत जलवाहतुकीचा विषय तीन सूच्यांत विभागला आहे. राष्ट्रीय जलमार्गांवरील यांत्रिक नौकानयन केंद्राकडे, इतर अंतर्गत जलमार्गांवरील यांत्रिक नौका समवर्ती सूचीत, आणि उरलेली अंतर्गत वाहतूक राज्यांकडे. २०१६ च्या कायद्याने देशातील राष्ट्रीय जलमार्गांची संख्या १११ झाली. महानदीचा संबलपूर ते पारादीप हा टप्पा त्यांपैकी ६४ क्रमांकाचा. त्याच्या वरचा, म्हणजे छत्तीसगडमधला, संपूर्ण प्रवाह या यादीबाहेर आहे. १९१७ चा जुना कायदा रद्द करून संसदेने २०२१ मध्ये अंतर्देशीय जलयान कायदा केला. त्यात यांत्रिक नौकांची पाहणी, नोंदणी, चालकांचे प्रमाणपत्र आणि विमा यांची व्यवस्था आहे. वल्ह्याच्या नावांची नोंद स्थानिक पातळीवर करण्याची वाटही त्यात आहे. त्याआधी, २०१७ मध्ये, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने नौका सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली होती. थोडक्यात, कागद अपुरा नाही. अपुरा आहे तो काठावर उभा राहून नाव मोजणारा माणूस.

त्याची किंमत आपण मोजतच आहोत. ३० सप्टेंबर २००९ रोजी केरळात थेक्कडीच्या जलाशयात पर्यटकांची बोट उलटून ४५ जण गेले. सप्टेंबर २०१९ मध्ये आंध्र प्रदेशात पापीकोंडलूच्या सहलीला निघालेली बोट पूर आलेल्या गोदावरीत बुडाली. मे २०२३ मध्ये केरळातच तानूर येथे २२ जणांचा बळी गेला. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीतील १२ मुले आणि २ शिक्षिका बुडाल्या. मे २०२४ मध्ये उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईहून घारापुरीला निघालेल्या बोटीचा अपघात सर्वांनाच आठवत असेल. प्रत्येक ठिकाणी पाणी वेगळे होते, कारणेही सारखी नव्हती. मात्र क्षमतेपेक्षा जास्त माणसे, न घातलेली जॅकेटे आणि हवामानाकडे काणाडोळा ही त्रयी चौकशीत पुनःपुन्हा समोर येते.

छत्तीसगडसाठी सर्वांत जवळची घटना १९ एप्रिल २०२४ ची. खरसिया भागातील भाविक ओडिशात महानदीपलीकडच्या पाथरसेनी देवीच्या दर्शनाला गेले होते. परतताना झारसुगुडा जिल्ह्यात, शारदा घाटाजवळ, सुमारे पन्नास माणसांची नाव उलटली. आठ जण दगावले. बचाव पथके पोहोचण्याआधी बहुतेकांना पाण्याबाहेर काढले ते स्थानिक मच्छीमारांनी. बातम्यांत हा तपशील एका ओळीत आला. धोरणाच्या दृष्टीने मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पाण्यावरची पहिली दहा मिनिटे सरकारची नसतात. ती काठावर राहणाऱ्यांची असतात. त्या लोकांना काठावरून हटवून उभारलेले पर्यटन स्वतःचाच बचाव दल गमावून बसते.

हटवणे हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. १९९८ मध्ये दुर्गजवळ शिवनाथ नदीचा सुमारे २३ किलोमीटरचा पट्टा औद्योगिक पाणीपुरवठ्यासाठी करार करून एका खासगी कंपनीच्या हाती गेला. त्यानंतर काठच्या मच्छीमारांना आणि शेतकऱ्यांना त्यांच्याच नदीवर अटकाव होऊ लागला. प्रकरण देशभर गाजले आणि २००७ मध्ये छत्तीसगड विधानसभेच्या लोकलेखा समितीने करार रद्द करण्याची शिफारस केली. तो करार उद्योगासाठी होता, पर्यटनासाठी नव्हे; पण त्यातून मिळणारा धडा दोहोंना लागू आहे. पाण्यावरील एका उपयोगाचा हक्क देताना बाकीच्या उपयोगांचे काय, हे करारातच लिहिले नाही तर दुर्बलाचा उपयोग आपोआप बुडतो.

गंगरेलच्या पाण्याखाली अशीच बुडालेली गावे आहेत. काठावरचे अंगारमोती देवीचे ठाणे त्या गावांबरोबर वर आणले गेले आणि दिवाळीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी तिथे अजून मडई भरते. त्या पाण्यावर सिंचन, भिलाईचा पोलाद कारखाना आणि रायपूरची तहान अशा तिघांचा भार आहे. २००२ च्या राष्ट्रीय जलनीतीने पाण्याच्या उपयोगांचा क्रम लावला तेव्हा पिण्याचे पाणी पहिले आणि नौकानयन व इतर उपयोग शेवटी ठेवले होते. पर्यटन या ‘इतर’मध्ये मोडते. शेवटच्या पाहुण्याने आधीपासून पंगतीत बसलेल्यांना उठवू नये, एवढी मर्यादा पाळली तर त्याला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही.

वेगळे करून दाखवणारी उदाहरणे याच नदीच्या दुसऱ्या टोकाला आहेत. महानदीच्या दया आणि भार्गवी या शाखा ओडिशाच्या किनाऱ्यावरील चिलिका सरोवराला पाणी देतात. गाळाने कोंडलेल्या या सरोवराला २००० मध्ये समुद्राकडे नवे मुख उघडून दिले गेले आणि ते सावरले. त्याच्या उत्तर काठावरच्या मंगलाजोडी गावात एकेकाळी पक्ष्यांची शिकार चाले. आज त्याच गावातील माणसे बांबूने ढकलायच्या नावांतून पर्यटकांना पक्षी दाखवतात. पक्षी दचकू नयेत म्हणून नावेला इंजिन नाही. शिकाऱ्याला पाणथळीचे जे ज्ञान होते, तेच आता त्याचे भांडवल झाले आहे. या नदीच्या दोन टोकांत ८५० किलोमीटरचे अंतर आहे; कल्पना मात्र इतक्या दूरवरून सहज येऊ शकते.

महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनाऱ्यावरही शिकण्याजोगे बरेच आहे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने १९९० मध्ये गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था सुरू केली. जीवरक्षण आणि यांत्रिक नौका चालवण्याचे शिक्षण तिथे मिळते. तारकर्लीने स्कूबाच्या प्रशिक्षणात नाव कमावले. त्याच तारकर्लीत मे २०२२ मध्ये बोट उलटून दोन पर्यटकांचा मृत्यू झाला, हेही विसरू नये. प्रशिक्षण केंद्र गावात असणे आणि प्रत्येक बोटीवर शिस्त असणे यांत अंतर राहते. ते भरून काढण्याचे काम रोजच्या तपासणीचे आहे.

मग करायचे काय? माझ्या मते चार गोष्टी पुरेत आणि त्यांपैकी एकीलाही नवा कायदा लागत नाही. पहिली, प्रत्येक जलाशयावर प्रवासी नावांसाठी एकच उत्तरदायी अधिकारी असावा. आज धरण जलसंपदा खात्याचे, मासे मत्स्य खात्याचे, काठ वन किंवा महसूल खात्याचा आणि तिकीट पर्यटन मंडळाचे. नाव बुडाली की ती कोणाचीच नसते. दुसरी, कोणत्याही जलपर्यटन करारात बोलीच्या रकमेआधी नावेची नोंदणी, क्षमता, चालकाचे प्रमाणपत्र आणि विमा हे रकाने भरलेले असावेत. रिकामा रकाना म्हणजे बाद निविदा. तिसरी, स्थानिक केवट-ढीमर सहकारी संस्थांना या कामात पहिला हक्क आणि त्यांच्या तरुणांना सरकारी खर्चाने जीवरक्षणाचे प्रशिक्षण मिळावे. चौथी, वाऱ्याचा इशारा आला की नाव बंद करण्याचा अधिकार काठावरच्या नावाड्याला असावा आणि त्या दिवसाची मजुरी त्याला मिळावी. नाव बंद ठेवली की चूल बंद, अशी स्थिती असेल तर कोणताही नावाडी आभाळाकडे पाहणार नाही.

यावर एक आक्षेप येतो, तो मी सेवेत असताना स्वतःच अनेकदा घेतला आहे : इतके नियम केले तर छोटा माणूस टिकणार नाही, धंदा मोठ्या ठेकेदाराकडे जाईल. हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच तपासणीचे शुल्क, प्रशिक्षण आणि जॅकेटे यांचा खर्च लहान नावाड्यासाठी सरकारने उचलावा. पर्यटनाच्या जाहिरातीवर होणाऱ्या खर्चाचा एखादा अंश त्यासाठी पुरेल.

कार्तिक पौर्णिमेला रायपूरच्या महादेव घाटावर खारून नदीकाठी पुन्नी मेळा भरतो. पहाटेच्या थंडीत लोक स्नान करतात, दिवे सोडतात, नावेने पलीकडे जाऊन येतात. मी नातीला शब्द दिला आहे की यंदा तिला तिथे नेईन. नावेत बसण्याआधी मी नावाड्याला तीन प्रश्न विचारणार आहे : नाव कोणी तपासली, किती माणसे बसतील, जॅकेट कुठे आहे. चाळीस वर्षांपूर्वी हे प्रश्न त्या तक्त्यावर सही करण्याआधी विचारायला हवे होते. तेव्हा ते विचारण्यासाठी मला पगार मिळत होता.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)