जपानी पहिलटकरणीला सगळं सोपं जातं?

जपानमध्ये बाळंतिणीची व्यवस्था चोख असते, तेव्हा पहिल्यांदा आई होणं तिथे फारसं जड जात नसेल, असा समज आहे. तो अगदीच निराधार नाही. नैसर्गिक प्रसूतीनंतरही पाचेक दिवस रुग्णालयात मुक्काम असतो. पाजणं, आंघोळ घालणं तिथेच शिकवतात. शिवाय अनेक जणी बाळंतपणाला माहेरी जातात. या प्रथेला ‘सातोगाएरी’ म्हणतात.

खरी कसोटी लागते ती माहेरहून परतल्यावर. शहरातला छोटा फ्लॅट, कामावरून उशिरा येणारा नवरा आणि दर दोन-तीन तासांनी उठणारं बाळ! इतके दिवस हाताशी तिची आई होती, आता सगळं एकटीवर येतं. बाळाचं करायला नवराही शिकलेला नसतो, कारण सुरुवातीचे ते आठवडे तो बहुधा लांबच असतो.

दुसरा गैरसमज जास्त घातक आहे: बाळंतिणीचं रडणं म्हणजे मनाचा कमकुवतपणा. पहिल्या काही दिवसांतलं रडू बहुतेकींचं आपोआप ओसरतं. ते दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं, तर नैराश्याची शंका घ्यायलाच हवी. २०१५ आणि २०१६ या दोन वर्षांत जपानमध्ये गरोदरपणात किंवा प्रसूतीनंतर वर्षभरात ३५७ स्त्रिया दगावल्या. त्यांतल्या १०२ जणींनी आत्महत्या केली होती. मृत्यूचं सर्वांत मोठं कारण तेच ठरलं.

म्हणूनच आता विचारपूस बाळापुरती राहिलेली नाही. गरोदरपणातच हाती पडणाऱ्या माता-बाल पुस्तिकेत बाळाच्या वजन-उंचीसोबत आईलाही प्रश्न असतो: बाळाचं करताना काळजी किंवा अडचण वाटते का? उत्तरं तीन: नाही, हो, नक्की सांगता येत नाही. हा तिसरा पर्याय फार मोलाचा आहे. थकलेल्या बाईला ‘हो’ म्हणायचा धीर होत नाही, तेव्हा ती निदान तिथे खूण करू शकते.

मूल तीन वर्षांचं होईपर्यंत आईनेच घरी राहून सांभाळावं, नाहीतर त्याचं नुकसान होतं, हा समजही खोल रुजलेला आहे. त्याला सबळ शास्त्रीय आधार नाही, असं जपान सरकारच्याच श्वेतपत्रिकेने १९९८मध्ये सांगितलं. तरी कामावर परतणाऱ्या आईला अपराधी वाटतंच.

मदत मागणं म्हणजे हार, हा समज मोडायला मात्र कायदा कामी येतो आहे. २०२१पासून प्रसूतीनंतर वर्षभर आईला आधार देणाऱ्या सेवा उभारण्याचा प्रयत्न करणं हे स्थानिक पालिकांचं कर्तव्य आहे. काही ठिकाणी बाळासह मुक्कामाला राहता येतं. सुईण बाळाकडे बघते आणि आई झोप काढते. वडिलांसाठी २०२२च्या ऑक्टोबरपासून पहिल्या आठ आठवड्यांत चार आठवड्यांपर्यंत खास रजा आहे. बालसंगोपन रजा घेणाऱ्या पुरुषांचं प्रमाण २०२३च्या सरकारी पाहणीत ३०.१ टक्के होतं.