लग्नाचा व्हिडिओ देण्याआधी मोठ्या स्क्रीनवर बघा. एडिटिंगला दुसरा मॉनिटर जोडायची सोपी पद्धत

तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते आणि तालुक्याच्या गावातल्या फोटो स्टुडिओचे दिवे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चालू राहतात. पूर्वी एडिटिंगसाठी मेमरी कार्ड जिल्ह्याच्या गावी पाठवावं लागायचं. आता बारावी झालेला पोरगा घरच्या लॅपटॉपवर लग्नाची फिल्म, सप्त्यातलं कीर्तन, बैलगाडा शर्यतीची क्लिप तयार करतो. काम मन लावून केलेलं असतं. कुरबुर सुरू होते ती पेनड्राइव्ह हातात दिल्यावर.

कारण साधं आहे. एडिटिंग करणारा व्हिडिओ बघतो तो लॅपटॉपच्या १५ इंची स्क्रीनच्या एका कोपऱ्यात, वीतभर चौकटीत. ग्राहक तोच व्हिडिओ लावतो ३२ किंवा ४३ इंची टीव्हीवर, सगळी भावकी जमवून. मग दिसतं की नवरीच्या नावातली वेलांटी चुकली, कडेचं आजोबांचं नाव अर्धं कापलं गेलं, अंतरपाट दूर होताना फोकस नवरदेवावर नाही तर मागच्या झालरीवर आहे. राहिलेले पैसे तिथेच अडकतात. एका घरात नाव चुकलं की पुढची चार कामंही हातची जातात.

यावरचा उपाय फार खर्चाचा नाही. घरातला जुना टीव्ही किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी मिळणारा वापरलेला मॉनिटर एडिटिंगच्या लॅपटॉपला जोडायचा. एका स्क्रीनवर टाइमलाइन, दुसऱ्या स्क्रीनवर पूर्ण आकारात व्हिडिओ. फक्त जोडणी आणि सेटिंग बरोबर पाहिजे, नाहीतर दुसरी स्क्रीनच फसवते.

वायर कोणती, पिन कोणती

बहुतेक लॅपटॉप आणि टीव्हीला एचडीएमआय पोर्ट असतो. त्याची साधी वायर दोन-चारशे रुपयांत मिळते. फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८० च्या चित्राला तेवढी पुरते. चित्र आणि आवाज दोन्ही त्याच वायरीतून जातात.

जुन्या मॉनिटरला फक्त निळ्या रंगाची व्हीजीए पिन असते. लॅपटॉपला ती नसेल तर एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर घ्यावा लागतो. व्हीजीएमधून आवाज जात नाही आणि चित्रही थोडं मऊ दिसतं, त्यामुळे फोकस तपासायला ती जोडणी कमी पडते. एचडीएमआय असलेला मॉनिटर मिळत असेल तर तोच घ्या.

टाइप-सी पोर्ट असेल तर आधी खात्री करा. प्रत्येक टाइप-सी मधून चित्र बाहेर जात नाही. काही पोर्ट फक्त चार्जिंग आणि फाइल पाठवण्यासाठीच असतात.

डेस्कटॉप वापरणारे एक गोष्ट नेहमी चुकवतात. पीसीमध्ये वेगळं ग्राफिक कार्ड असतं, पण मॉनिटरची वायर मदरबोर्डच्या पोर्टला लावलेली असते. मग एक तर स्क्रीन काळी राहते, नाहीतर महागाचं कार्ड नुसतं बसून राहतं. पीसीच्या मागे खालच्या बाजूला जे आडवे पोर्ट असतात ते बहुतेक वेळा ग्राफिक कार्डाचे. दोन्ही मॉनिटर तिथेच लावा.

विंडोजला सांगावं लागतं

वायर जोडली की कीबोर्डवर विंडोजचं बटण दाबून ठेवा आणि पी दाबा. चार पर्याय येतात. त्यातला ‘डुप्लिकेट’ निवडला तर दोन्हीकडे तेच दिसेल, त्याचा इथे उपयोग नाही. ‘एक्स्टेंड’ निवडा. म्हणजे दुसरी स्क्रीन ही पहिलीला जोडून वाढवलेली जागा होते आणि माउस एकीकडून दुसरीकडे जातो.

नंतर डेस्कटॉपवर राइट क्लिक करून ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडा. तिथे १ आणि २ आकड्यांच्या दोन चौकटी दिसतात. मॉनिटर टेबलावर ज्या बाजूला ठेवला असेल त्याच बाजूला ती चौकट माउसने ओढून ठेवा, नाहीतर माउस उजवीकडे नेला की डावीकडे निघतो. दुसऱ्या स्क्रीनचं रिझोल्यूशन १९२० बाय १०८० आहे का तेही बघा. जुन्या ३२ इंची टीव्हीत बऱ्याचदा फुल एचडी पॅनेल नसतं, १३६६ बाय ७६८ असतं. त्याच्यावर नावं आणि रंग तपासता येतात, पण बारीक फोकसची खात्री होत नाही.

सॉफ्टवेअरमधलं बटण

प्रीमिअर प्रोमध्ये ‘एडिट’ मेनूत ‘प्रेफरन्सेस’ आणि त्यात ‘प्लेबॅक’ उघडा. ‘एनेबल मर्क्युरी ट्रान्समिट’ वर टिक करा आणि खालच्या यादीत दुसऱ्या मॉनिटरवर टिक करा. व्हिडिओ त्या स्क्रीनवर पूर्ण आकारात दिसू लागतो. दुसरं सॉफ्टवेअर उघडलं की तिथलं चित्र जात असेल, तर त्याच पानावर ‘डिसेबल व्हिडिओ आउटपुट’ या शब्दांनी सुरू होणारी टिक काढा.

लग्नाच्या कामात एडियस वापरणारेही खूप आहेत. त्यात ‘व्ह्यू’ मेनूत ‘फुल स्क्रीन प्रिव्ह्यू’ आहे. दाविंची रिझॉल्व्हमध्ये ‘वर्कस्पेस’ मेनूत ‘ड्युअल स्क्रीन’ चालू करता येतं. नुसतं चित्र पाठवायचं असेल तर त्याच मेनूतलं ‘व्हिडिओ क्लीन फीड’ बघा.

लॅपटॉप जुना असेल तर दुसरी स्क्रीन जोडल्यावर व्हिडिओ अडखळू शकतो. तेव्हा प्लेबॅकचं रिझोल्यूशन अर्धं किंवा पाव करा. फोकस बघताना मात्र व्हिडिओ थांबवा आणि पॉझचं रिझोल्यूशन ‘फुल’ ठेवा. पाव रिझोल्यूशनवर सगळंच धूसर दिसतं, त्यावरून कॅमेरामनला बोल लावू नका.

टीव्हीचं सेटिंग हा खरा घोळ

दुकानात टीव्ही उठून दिसावा म्हणून त्यात ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोड दिलेला असतो. त्यात हळद केशरी होते, लाल शालूवरचं विणकाम पुसलं जातं आणि चेहरे तांबूस दिसतात. एडिटिंग करणारा मग रंग कमी करत बसतो आणि दुसऱ्याच्या टीव्हीवर तोच व्हिडिओ फिका पडतो. एडिटिंगच्या टीव्हीवर ‘स्टँडर्ड’, ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ मोड ठेवा. वीजबचतीचं सेटिंग बंद करा, कारण खोलीतल्या उजेडाप्रमाणे ते स्क्रीन आपोआप कमी-जास्त करतं. ‘शार्पनेस’ ही खाली आणा, नाहीतर हललेला शॉटही धारदार वाटतो.

दुसरी भानगड कडा कापल्या जाण्याची. बरेच टीव्ही चित्र थोडं मोठं करून चारी कडा बाहेर घालवतात. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. तुमच्या टीव्हीत ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फुल पिक्सेल’ अशा नावाचा पर्याय असेल, तो चालू करा म्हणजे पूर्ण चित्र दिसेल. पण ग्राहकाच्या टीव्हीत तो चालू असेलच असं नाही. म्हणून नावं, तारीख, गावाचं नाव कडेला चिकटवू नका, आत घ्या. प्रीमिअरमध्ये ‘सेफ मार्जिन्स’ चालू केलं की दोन चौकटी दिसतात. आतल्या चौकटीत नाव बसलं तर ते कुठेही कापलं जाणार नाही.

तिसरी गोष्ट काळ्या रंगाची. कॉम्प्युटर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते २५५ असे आकडे पाठवतो. टीव्हीची पद्धत १६ ते २३५ ची आहे. दोघांचं जुळलं नाही तर नवरदेवाचे काळे केस राखाडी दिसतात, नाहीतर काळ्या कोटाच्या घड्या दिसेनाशा होऊन नुसता काळा ठिपका राहतो. टीव्हीत ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’ किंवा कॉम्प्युटरच्या ग्राफिक सेटिंगमध्ये ‘आउटपुट डायनॅमिक रेंज’ हा पर्याय बदलून बघा. हे जुळवल्याशिवाय टाइमलाइनवरचे रंग हलवू नका.

चित्र दचकत असेल तर

आपल्याकडे लग्नाचं शूटिंग बहुतेक सेकंदाला २५ फ्रेमने होतं. मॉनिटर मात्र सहसा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. ६० ला २५ ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे एक फ्रेम कधी दोनदा दिसते, कधी तीनदा. शर्यतीत बैलजोडीबरोबर कॅमेरा वेगाने फिरवला की चित्र दचकत पुढे गेल्यासारखं दिसतं. ‘डिस्प्ले सेटिंग्ज’मध्ये ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’ उघडून ५० हर्ट्झ मिळत असेल तर ते निवडा. टीव्हीत ते बऱ्याचदा मिळतं. मग प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा येते आणि चाल सरळ होते.

हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसल्या, तर कॅमेऱ्याचं शूटिंग ५० आय पद्धतीचं आहे. ते डीइंटरलेस करून घ्या. छोट्या चौकटीत या रेषा नजरेतून सुटतात.

आवाज गेला कुठे?

एचडीएमआय लावली की विंडोज बऱ्याचदा आवाज टीव्हीकडे पाठवतं. खाली कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून आवाज कुठून हवा ते निवडा. चित्र टीव्हीवर आणि आवाज हेडफोनवर असेल तर ओठ आणि शब्द थोडे मागे-पुढे वाटतात, कारण टीव्ही चित्रावर प्रक्रिया करायला वेळ घेतो. टीव्हीचा ‘गेम मोड’ लावला की हा उशीर कमी होतो. मंगलाष्टकांचा आवाज टाइमलाइनवर सरकवण्याआधी हे तपासा. नाहीतर बरोबर असलेला आवाज चुकीच्या जागी जाऊन बसतो.

वीज आणि अर्थिंग

खेड्यापाड्यात एचडीएमआय पोर्ट जळण्याचं एक कारण अर्थिंग नसणं हे असतं. अर्थिंग नसलेल्या जागी कॉम्प्युटरच्या किंवा टीव्हीच्या धातूच्या भागाला हात लावला की चुणचुण जाणवते. तशात चालू टीव्हीला चालू लॅपटॉप जोडला तर तो करंट पोर्टमधून जाऊ शकतो. म्हणून दोन्हीचे स्वीच बंद करा, वायर जोडा आणि मग चालू करा. दोन्ही एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डवर लावा. चुणचुण लागत असेल तर आधी वायरमनला बोलवा, मॉनिटर नंतर.

वळवाच्या पावसात आणखी जपावं लागतं. घरातल्या टीव्हीला छतावरच्या डिशची वायर सेट-टॉप बॉक्समार्गे आलेली असते. विजा कडकडायला लागण्याआधीच डिशची वायर, एचडीएमआय आणि प्लग तिन्ही काढून ठेवा. लॅपटॉपमधल्या लग्नाचं शूटिंग पुन्हा होणार नाही. दुसऱ्या हार्ड डिस्कवर त्याची कॉपी ठेवा.

लाइट गेल्यावर काम चालू राहण्यासाठी डेस्कटॉपला यूपीएस हवाच. दुसरी स्क्रीन त्यावर नसली तरी चालतं. ती बंद झाली तरी फाइल सुरक्षित राहते.

पेनड्राइव्ह देण्याआधी

एक्सपोर्ट झाल्यावर फाइल कॉम्प्युटरवर बघून समाधान मानू नका. ती पेनड्राइव्हवर घेऊन थेट टीव्हीला लावा. मोबाइलवर एडिटिंग करणाऱ्यांसाठी तर दुसऱ्या मॉनिटरच्या ऐवजी हीच सोय आहे. टीव्हीवर वायफायने मोबाइलची स्क्रीन दाखवली तर चित्र उशिरा येतं आणि दर्जाही उतरतो, त्यावरून पारख करू नका.

पेनड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. पूर्ण लग्नाची फाइल त्याहून मोठी होते. एक्सफॅटवर ती बसते, पण काही जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत. ग्राहकाचा टीव्ही जुना असेल तर फाइलचे साखरपुडा, हळद, लग्न, वरात असे भाग करून द्या. एच २६४ पद्धतीची एमपी४ फाइल बहुतेक टीव्हीवर चालते. एच २६५ जुन्या टीव्हीवर अडते.

शेवटी टीव्हीसमोर पाच-सहा हात लांब बसा आणि लग्नपत्रिका हातात घ्या. दोन्ही घरची नावं, आडनावं, गावं, तारीख अक्षर अन् अक्षर जुळवा. ऱ्हस्व-दीर्घ बघा. जोडाक्षरं फुटली आहेत का बघा, कारण काही फॉन्टमध्ये ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘श्री’ ही अक्षरं मोडतात. शक्य असेल तर घरातल्या ज्याने एडिटिंग केलं नाही अशा माणसाला शेजारी बसवा. रात्रभर तेच नाव बघितलेल्या डोळ्यांना त्यातली चूक दिसत नाही. नव्या माणसाला ती पहिल्याच झटक्यात दिसते.